पाणी मारलं होतं का?

गाडीतला पिवळा दिवा लागला तो दसऱ्यानंतर आठव्या दिवशी. दसऱ्याच्या दिवशी मी एक गोष्ट केली, आणि पुढे कोणी विचारलं तेव्हा ती केलीच नाही म्हणून सांगितलं. त्या एका शब्दापायी अकोल्याच्या एका भल्या माणसाचं नाव खराब झालं. नाव त्याचं, खराब केलं मी. ते पुन्हा धड करता येतं का, हे मी वर्षभरापासून बघतो आहे.

मी अमरावतीला राहतो. पस्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. स्वभाव तापट आहे, हे विद्यार्थ्यांनाही ठाऊक होतं आणि घरातही ठाऊक आहे. रिटायर झाल्यावर माणसं चारधाम करतात, मी गाडी घेतली. परदेशी कंपनीची, डिझेलची, छताची काच सरकते अशी भलीमोठी एसयूव्ही. पहिला मालक पुण्याचा डॉक्टर, दुसरा नागपूरचा बिल्डर आणि पंधरा वर्षं पळून दमल्यावर तिसरा मी. बायको म्हणाली, दारात हत्ती बांधला, आता त्याला खाऊ काय घालणार ते सांगा. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

गाडी घ्यायची हिंमत झाली ती उस्तादांमुळे. नोकरीची पहिली सहा वर्षं मी अकोल्याला होतो, तेव्हापासूनची ओळख. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात त्यांचं गॅरेज. आधी माझी स्कूटर त्यांच्याकडे जायची, मग सेकंडहँड जीप, मग मारुती. अमरावतीला बदली झाली तरी गाडी दाखवायला मी अकोल्यालाच जात राहिलो. माझं बघून आमच्या नात्यातल्या, कॉलेजातल्या पाच-पंचवीस जणांच्या गाड्याही त्यांच्याकडे जाऊ लागल्या.

उस्तादांच्या दोन सवयी होत्या. एक म्हणजे काढलेला जुना भाग ते वर्तमानपत्रात गुंडाळून मालकाच्या हातात द्यायचे. कितीही भंगार असो, पुडी बांधून मिळायचीच. आमच्या माळ्यावर अशा पुड्यांची एक अख्खी पेटी आहे. दुसरी सवय म्हणजे पाना हातात घेण्याआधी ते मालकाला बाकावर बसवून विचारपूस करायचे. गाडी शेवटची कुठे गेली, कोणी चालवली, डिझेल कुठे भरलं, पावसात उभी होती का, घरात उंदीर आहेत का. स्कॅनर त्यांच्याकडेही होता. पण ते म्हणत, "मशीन फक्त एवढं सांगते का दुखून रायलं कुठं. काहून दुखून रायलं, ते मालकच सांगते." मालकाने जे सांगितलं ते खरं धरायचं आणि तिथून पुढे शोधत जायचं, ही त्यांची कामाची रीत होती. चाळीस वर्षं ती त्यांना पुरली.

ही गाडी पहिल्यांदा नेली तेव्हाच त्यांनी मला बजावलं होतं. "मास्तर, चाकं धुवा, टप धुवा, पन इंजनावर पानी नका मारू. जुनी वायरिंग हाय. रबरं कडक झाले. पानी आत गेलं का निघत नाही." मी म्हटलं, "मी फिजिक्सचा मास्तर आहे उस्ताद, मले काय सांगता." ते हसले. मी शब्द दिला.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस त्यांनी गाडीची सर्व्हिसिंग केली. एअर फिल्टर बदलला, त्याच्या मागचा हवेचा सेन्सर काढून साफ केला, परत लावला. जुन्या फिल्टरची पुडी दिली.

दसरा आम्ही नांदगाव खंडेश्वरजवळ मावसभावाच्या शेतात करतो. त्याचा ट्रॅक्टर, मोटारसायकली, माझी गाडी, सगळं एका ओळीत उभं करून धुवायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचे हार घालायचे. ट्रॅक्टर धुताना मावसभाऊ बॉनेट उघडून इंजिनसुद्धा चकचकीत करत होता. त्याच्याकडे संत्र्याच्या बगिच्यावर फवारायचा ट्रॅक्टरचा पंप आहे, त्याच्या पाण्याला असा जोर की वाळलेला चिखल पापुद्र्यासारखा सुटून येतो. माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं तर आत धूळ, तेल, वाळकी पानं. पूजेला आलेल्या बायका बघत होत्या. मावसभाऊ म्हणाला, "दादा, बाहेरून नवरदेव अन् आतून असं?" मला ते लागलं. मी त्याच्या हातातून पाइप घेतला आणि पाच मिनिटं इंजिनवर पाणी मारलं. इंजिन खरंच नव्यासारखं दिसू लागलं. नंतर दिवसभर बॉनेट उघडं ठेवून उन्हात वाळवलं. उस्तादांची आठवण आली होती, नाही असं नाही. पण एवढ्या उन्हात काय होतंय, असं मनाला सांगितलं.

आठव्या दिवशी बडनेऱ्याच्या पुलावर दिवा लागला. इंजिनाच्या आकाराचा तो पिवळा दिवा. गाडी चालत होती, पण चढावर दम कमी पडायचा, मग आपोआप ठीक व्हायची. दिवा मात्र जाईना.

दुसऱ्या दिवशी अकोला. उस्तादांनी बाकावर बसवलं, चहा मागवला, स्कॅनर लावला. "हवेच्या सेन्सरचा सिग्नल कमी दाखवून रायलं," ते म्हणाले. मग विचारपूस सुरू झाली. डिझेल? नेहमीच्याच पंपावरचं. कोणी दुसऱ्याने उघडली होती? नाही. उंदीर? नाही.

"पानी तं नाही मारलं?"

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? आजवर याचं उत्तर मी पुष्कळ वेळा शोधलं आहे. घाबरलो नव्हतो, काही लपवायचंही नव्हतं. शब्द दिला होता आणि तो मोडला होता, एवढंच. साठीतला माणूस, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुलांचे कान पिळलेले, आणि समोरचा शाळेत चौथीपर्यंत गेलेला. त्याच्यासमोर "हो, चुकलं" म्हणायची लाज वाटली. शिवाय वाटलं, त्या पाण्याचा आणि याचा काय संबंध. एकदा नाही म्हणून झाल्यावर ते मलाच खरं वाटू लागलं. दोन दिवसांत मी गाडी धुतलीच नव्हती अशा थाटात वावरत होतो.

उस्तादांनी माझं नाही खरं धरलं. पाणी नाही, म्हणजे वायरिंगचा प्रश्न नाही, कारण सर्व्हिसिंगच्या वेळीच ती त्यांच्या डोळ्यांखालून गेली होती. मग त्यांनी हवेच्या नळ्या तपासल्या. तेलात भिजवलेली वात पेटवून नळीत धूर सोडला, कुठून गळतो का पाहिलं. फ्यूज पाहिले, बॅटरीच्या तारा पाहिल्या. ओळखीच्या एका गाडीचा सेन्सर काढून माझ्या गाडीला लावून पाहिला, तरी दिवा तसाच. दोन दिवस गेले. गाडी तिथे ठेवून मी पहिल्याच दिवशी बसने अमरावतीला परतलो होतो.

इकडे घाई होती. मावसभावाच्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच धरलं होतं आणि नवरदेवाला आणायला माझी गाडी जाणार होती. मावसभाऊ रोज फोन करायचा. तिसऱ्या दिवशी तो माझ्यासोबत अकोल्याला निघाला. बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "दादा, राग नका मानू. सर्व्हिसिंगच्या आधी लाइट होता काय? नव्हता. सेन्सरले हात कोनं लावला? त्यानं. ओरिजनल काढून डुप्लिकेट टाकला असन. असे सेन्सर बाहेर हातोहात जातात."

एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही, हे मी दर वर्षी अकरावीच्या पहिल्या आठवड्यात शिकवत असे. त्या दिवशी बसमध्ये मला ते आठवलं नाही. मला आठवलं ते एवढंच की सेन्सरची पुडी मिळाली नव्हती.

रिक्शातून उतरलो तेव्हा उस्ताद बॉनेटमध्ये वाकलेले होते. फिल्टरचा डबा काढून खाली ठेवलेला होता. दोन-तीन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती. उस्तादांनी वर पाहिलं, काही बोलणार होते. मी त्यांना बोलू दिलं नाही.

"उस्ताद, एक विचारतो. या वेळी सेन्सरची पुडी काहून नाही दिली?"

ते म्हणाले, "बदललाच नाही तं पुडी कायची देऊ?"

"बदलला नाही, का बदलला अन् सांगतलं नाही?"

माझा आवाज चढला होता. पुढे मी जे बोललो ते सगळं इथे लिहवत नाही. ओरिजनल माल कुठे विकला, हे वाक्य मात्र माझंच. बाकावरची माणसं उठून उभी राहिली. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, मग मावसभावाकडे पाहिलं, मग हात पुसले. डबा होता तसा बसवला, एकेक स्क्रू घट्ट केला, बॉनेट हलक्या हाताने बंद केलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. बस. मला वाटलं, चोर सापडला की गप्पच बसतो.

लग्नाला गाडी दिवा लावूनच गेली. नवरदेवाशेजारी बसलेल्या त्याच्या काकांनी विचारलं, हा कशाचा लाइट? मी सांगितलं. पंगतीत सांगितलं, मांडवात सांगितलं. अकोल्याचा अमुक उस्ताद, तीस वर्षांचा विश्वास, आणि शेवटी पार्ट बदलला. लोक चुकचुकायचे. चुकचुकणारा माणूस भेटला की सांगणाऱ्याला आणखी चेव येतो. महिनाभर सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींपासून जुन्या सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांना मी ते ऐकवलं, आणि दर वेळी थोडं नीट करून ऐकवलं.

अमरावतीच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्येही गाडी दाखवली. त्यांनी सेन्सर नवा टाकला. दिवा चार दिवस गेला, परत आला.

महाशिवरात्रीच्या सुमाराला बॅटरी बदलायची होती, म्हणून मी आणि बायको एका बॅटरीच्या दुकानात गेलो. तिथला वायरमन माझ्याच वयाचा, चष्मा दोरीने बांधलेला. दिवा पाहून म्हणाला, "पाहू काय?" त्याने फिल्टरचा डबा काढला, त्याच्याखाली वायरींच्या जुडग्यात दोन टोकं जोडणारं एक सॉकेट होतं, त्यावरची टेप सोडली आणि सॉकेट उघडलं. आत तांब्याच्या भांड्यावर कळंक चढावा तसा हिरवा थर होता.

"पानी गेलं याच्यात," तो म्हणाला. "जोराचं. कोनं धुतली?"

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "यायनंच. दसऱ्याले. फवाऱ्याच्या पंपानं."

त्याने ब्रशने सॉकेट साफ केलं, साफ करायच्या औषधाचा फवारा मारला, पुसलं, जोडलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. दिवा गेला तो आजपर्यंत आलेला नाही.

घरी येताना बायकोने विचारलं, "उस्तादांना सांगितलं होतं ना तुम्ही, धुतली म्हणून?" मी गाडी चालवत राहिलो. घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि त्या रात्री आम्ही दोघांनीही नीट जेवण केलं नाही.

लगेच अकोल्याला जायला हवं होतं. मी गेलो नाही. आधी कमरेचं दुखणं काढलं, मग नातवाची परीक्षा, मग ऊन. ऊन तर अकोल्यात असतंच. खरं म्हणजे पाय उचलत नव्हता. शेवटी मे महिन्यात एका सकाळी बायकोने गाडीची किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवली.

गॅरेजसमोर पूर्वी रस्त्यापर्यंत गाड्या लागलेल्या असायच्या. त्या दिवशी एक जुनी जीप होती आणि एक ऑटो. उस्ताद बाकावर बसले होते. मला पाहून उठले, जागा दिली, चहा सांगितला. तब्येत विचारली, वहिनींची विचारली. मला ते सहन होईना.

मी म्हणालो, "उस्ताद, म्या गाडी धुतली होती. दसऱ्याले. इंजनावर पानी मारलं होतं. तुमी इचारलं तवा खोटं बोललो."

ते म्हणाले, "मले माईत हाय."

मला वाटलं, कोणी तरी आधीच सांगितलं असणार. "कोनं सांगतलं?"

"कोनं नाही. तिसऱ्या दिवशी डबा काढला, सॉकेट खोललं, हिरवं दिसलं. तेच सांगाले वर पायलं, तं तुमी रिक्शातून उतरून आले."

चहा आला. तेव्हाच का सांगितलं नाही, असं मी विचारलं. म्हणजे चूक माझी आणि जाब मीच विचारत होतो.

"तुमचे भाऊ होते संग. दोन-तीन गिऱ्हाईक होते. त्यायच्यासमोर सांगू काय, का मास्तर मले झूट बोलले म्हनून?"

"पन साफ तं करता आलं असतं उस्ताद. काही न बोलता. लाइट गेला असता, विषय संपला असता."

उस्ताद शांतपणे म्हणाले, "तुमी म्हनलं का मी पुर्जा बदलला. त्याच्यानंतर मी हात लावला असता अन् बत्ती गेली असती, तं तुमी काय म्हनले असते? पाहा, आवाज चढवला तं ओरिजनल वापस लावला. म्हनले असते का नाही, मास्तर?"

मी म्हणालो असतो. अगदी ह्याच शब्दांत म्हणालो असतो आणि लग्नाच्या मांडवात तेच सांगत फिरलो असतो. दुरुस्ती समोर असताना त्यांना ती करता आली नव्हती, कारण मी ती करण्याची वाटच बंद करून टाकली होती. मी मान खाली घातली. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. रागावलेही नाहीत. म्हणाले, "मले सांगून काय फायदा? मले तं माईतच होतं. ज्यायले माईत नाही, त्यायले सांगा."

त्याच आठवड्यापासून मी सुरुवात केली. फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगितलं. एक जण म्हणाला, अच्छा, असं होतं का, आणि पुन्हा भाजीच्या भावावर आला. एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, सर, मी तर तेव्हाच गाडी इकडे अमरावतीत लावून दिली, आता इथल्याच गॅरेजशी जमलं आहे. नवरदेवाच्या काकांना ते प्रकरणच आठवेना, पण अकोल्याला गाडी द्यायची नसते एवढं आठवत होतं. चेव येऊन सांगितलेली गोष्ट लोकांनी एका दमात ऐकली होती. ही ऐकताना सगळ्यांना कुठेतरी जायचं होतं.

मग मी मावसभावाकडे गेलो. तो ओसरीत बसून पंपाचं नोजल साफ करत होता. मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. सॉकेटमधलं पाणी, माझं खोटं, उस्तादांचं गप्प बसणं. तो ऐकत होता.

"दादा, तुमी लय भोळे," तो म्हणाला. "त्यानं चहा पाजला अन् तुमी पिघलले."

"अरे, पाणी मी मारलं. तुझ्यासमोर मारलं. पाइप तुझ्या हातातून घेतला."

त्याने नोजल फुंकून पाहिलं. "मारलं असन," तो म्हणाला. "पन मानूस तसाच हाय तो. तुमी एकटेच नाही सांगत. मले अजून तिघायनं सांगतलं, का तो पार्ट बदलते."

"कोणी?"

त्याने तिघांची नावं घेतली. तिघांनाही मीच सांगितलं होतं.